पांढरीखालचें गांव पुन्हां कसें उभें करावें?

आपल्या भागांतील शेतकरी जमिनीचे दोन भेद करतो : एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे जिच्यावर गांव वसतें ती जमीन. जेथें माणसें शेंकडों वर्षें राहिलीं, चुली पेटल्या, राख पडली, मातीच्या भिंती ढासळल्या व पुन्हां उभ्या राहिल्या, तेथील माती हळूहळू भुरकट पांढरी होते आणि तिचा थर उंचावत जातो. पुढें एकाद्या काळीं गांव उठून जातें, पण पांढर मागें राहते. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांच्या कांठीं अशीं ओसाड टेकाडें ठिकठिकाणीं आहेत. त्यांवर गुरें चरतात, पावसाळ्यांत खापरांचे तुकडे उघडे पडतात, आणि खालीं काय निजलें आहे याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

यवतजवळच्या डोंगरावरील भुलेश्वराचें देवालय पाहावयास गेलें असतां कोणी सांगावयास नसलें तरी चालतें. तेथील कोरीव दगड पाहणाराशीं स्वतः बोलतात. पांढरीचें तसें नाहीं. ती मुकी असते. तिच्या पोटांत दगडी शिखर नसून मातीच्या जमिनी, खांबांचे खळगे, राख, हाडें आणि खापरें असतात. आणि उत्खनन संपल्यावर तीं देखील उघडीं ठेवतां येत नाहींत, कारण दोन पावसाळ्यांत तीं धुऊन जातील. मग जो मनुष्य असें स्थळ पाहावयास येईल, त्याला तीन हजार वर्षांपूर्वींचें गांव दिसावें कसें? विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नाचें उत्तर आपल्याच शिरूर तालुक्यांतील एका स्थळाच्या आधारानें आज आपण शोधूं या.

१. इनामगांव येथें काय सांपडलें

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिला मिळणाऱ्या घोड नदीच्या उजव्या कांठीं, पुण्याच्या पूर्वेस सुमारें ९० किलोमीटरांवर, इनामगांव आहे. गांवापासून कांहीं अंतरावर नदीच्या बाजूस जुन्या वस्तीचीं पांच टेकाडें आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम तेथें उत्खनन केलें. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी या विद्वानांनीं हें काम चालविलें, आणि त्याचा सविस्तर वृत्तांत १९८८ सालीं प्रसिद्ध झाला.

येथें एकावर एक अशा तीन काळांच्या वस्त्या मिळाल्या. पहिली वस्ती इ. स. पू. १६०० च्या सुमारास आलेल्या माळवा संस्कृतीच्या लोकांची. दुसरी इ. स. पू. १४०० ते १००० या काळांतली. तिला पूर्व-जोर्वे म्हणतात. तिसरी, म्हणजे उत्तर-जोर्वे वस्ती, इ. स. पू. ७०० च्या सुमारास संपली. जोर्वे हें संगमनेर तालुक्यांतील एका गांवाचें नांव. तेथें १९५०-५१ सालीं झालेल्या उत्खननांत तांबड्या रंगाचीं, काळ्या नक्षीचीं सुबक मडकीं मिळालीं. तेव्हांपासून अशीं मडकीं जेथें जेथें मिळतात तेथील संस्कृतीला जोर्वे हें नांव पडलें. या लोकांना तांबें माहीत होतें, पण तें दुर्मिळ. रोजचें काम गारगोटीच्या जातीच्या दगडांच्या बारीक धारदार पात्यांवर चाले. म्हणून या काळाला ताम्रपाषाणयुग असें म्हणतात.

इनामगांवचें विशेष महत्त्व असें कीं, तेथें एकाद-दुसरा खड्डा न खणतां विस्तृत जागा उघडण्यांत आली आणि १३० हून अधिक घरांचे अवशेष हातीं आले. त्यामुळें एक घर कसें होतें एवढेंच नव्हे, तर सबंध गांव कसें वसलें होतें हें कळूं लागलें. पूर्व-जोर्वे काळांत घरें चौकोनी असून ओळींनीं बांधलेलीं होतीं व त्यांच्यामध्यें जाण्यायेण्यापुरती वाट सोडलेली होती. सुखवस्तु शेतकऱ्यांचीं घरें गांवाच्या मध्यभागीं आणि कुंभारासारख्या कारागिरांचीं पश्चिमेच्या कडेला होतीं. एक घर पांच खोल्यांचें निघालें, आणि त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार होतें. तें गांवच्या मुख्याचें घर असावें असा संशोधकांचा तर्क आहे. गांवाच्या कडेला दगडमातीचा बांध आणि पाण्याचा पाट निघाला. हा पाट सुमारें २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल होता. आपला मुलूख पर्जन्यछायेंतला. येथें पाऊस लहरी. पाण्याची चिंता आपल्या आजोबा-पणजोबांना जशी होती तशी ती या लोकांनाहि होती, आणि एकेकट्या घराला न झेपणारें काम त्यांनीं सर्वांनीं मिळून केलें होतें, हें या पाटावरून दिसतें.

२. जमिनीवरून घर कसें ओळखतात

उत्खननांत उभें घर कधींच मिळत नाहीं. मिळते ती घराची जमीन आणि तिच्यावरील खुणा. त्यांवरून घर कसें उभें करावयाचें, याची रीत आतां पाहूं.

प्रथम खांब. लांकूड कुजून नाहींसें होतें, परंतु ज्या खळग्यांत खांब पुरला होता तो खळगा भोंवतालच्या मातीहून निराळ्या रंगाच्या, भुसभुशीत मातीनें भरून राहतो. कुंच्यानें जमीन झाडतांना असे काळसर वाटोळे ठिपके दिसूं लागले, कीं संशोधक त्यांचा नकाशा काढतात. ठिपक्यांच्या रांगा चौकोनांत असल्या तर घर चौकोनी, वाटोळ्या असल्या तर झोंपडी गोल. खळग्याच्या रुंदीवरून खांबाची जाडी व खोलीवरून त्याची मजबुती समजते.

नंतर भिंत. भिंतीचा पायाकडील थोडा भाग शिल्लक राहतो, तो मातीचा असतो. वरचा भाग कुडाचा असेल, तर घराला आग लागली असतां कुडावरील लिंपण भाजून विटेसारखें कठीण होतें, आणि त्या ढेंकळांवर आंतल्या काड्यांचे व बांबूंचे ठसे जसेच्या तसे उमटून राहतात. घर जळाल्यानें त्या कुटुंबाचें केवढें नुकसान झालें असेल! पण त्याच आगीनें भिंतीची रचना आपल्यापर्यंत पोंचविली.

मग छप्पर. छप्पर मुळींच शिल्लक राहत नाहीं. खांबांतील अंतर, पावसाचें मान आणि परिसरांत मिळणारें गवत यांवरून तें अनुमानावें लागतें. चौकोनी घरावर दोन उतारांचें गवती छप्पर व गोल झोंपडीवर निमुळतें छप्पर असावें, असें ठरविण्यांत आलें आहे.

यानंतर घरांतील सामान. जमिनींत चुलीची जागा राखेवरून कळते. खोल वाटोळा खड्डा असेल, तर तें धान्याचें पेव. लिंपलेला वाटोळा ओटा दिसला, तर त्यावर कणगी ठेवीत असावेत. चार सपाट दगड चौकोनांत मांडलेले आढळले, तर त्यांवर चार पायांचा मोठा रांजण उभा असावा.

शेवटीं अन्न. राखेची माती पाण्यांत ढवळली म्हणजे जळलेले दाणे वर तरंगतात; ते गाळून घेऊन तज्ज्ञ त्यांची जात ओळखतात. इनामगांवचे लोक जव मोठ्या प्रमाणावर पिकवीत. त्याशिवाय गहूं, मसूर, हुलगा, वाटाणा, वाल हीं धान्यें त्यांच्याकडे होतीं व तांदूळहि मिळाला आहे. हाडांवरून गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा हीं जनावरें पाळलेलीं दिसतात. हरणाची शिकार होत असे. एका भांड्यावर तर बैलगाडीचें चित्र रेखाटलेलें आहे.

असें एक एक पाऊल टाकीत घर उभें राहतें, आणि जो आधार ज्या पायरीचा, तो त्याच पायरीपुरता खरा. खांबाचा खळगा खांब सिद्ध करतो. खांबावर नक्षी होती कीं नव्हती हें तो सांगत नाहीं.

३. तीन प्रकारच्या रेषा

म्हणून जुन्या घराचें चित्र काढणारानें तीन गोष्टी निरनिराळ्या ठेविल्या पाहिजेत : सांपडलेलें, अनुमानलेलें आणि कल्पिलेलें. हा भेद एका उदाहरणानें स्पष्ट होईल.

इनामगांवच्या एका घरांत, जमिनीखालीं, मातीचा एक झांकणाचा लहान करंडा पुरलेला मिळाला. आंत मस्तक नसलेली एक स्त्रीमूर्ति होती. करंड्यावर मस्तक असलेली दुसरी एक स्त्रीमूर्ति व एक बैल ठेवलेला होता. हें सारें सांपडलेलें. येथें वादाला जागा नाहीं. आतां पाहणारांच्या असें लक्षांत आलें, कीं मस्तकहीन मूर्तीच्या पोटांत एक भोंक आहे आणि बैलाच्या पाठीवरहि एक भोंक आहे. दोहोंत एक काडी घातली, तर मूर्ति बैलाच्या पाठीवर नीट बसते. हें अनुमान झालें, आणि तें बळकट आहे, कारण दोन भोंकें उगाच पाडीत नाहींत. परंतु ती मूर्ति कोणत्या देवतेची, तिची पूजा कोणत्या प्रसंगीं होत असे, ती मुलाबाळांचें रक्षण करणारी मानीत काय, या प्रश्नांचीं उत्तरें कल्पनेच्या प्रांतांतलीं आहेत. विद्वानांनीं तीं दिलीं आहेत व तीं वाचण्यासारखीं आहेत. पण काडीची आणि पूजेची खात्री सारखी नव्हे.

दुसरें उदाहरण एका पुरणाचें. इनामगांवीं वयस्क माणसांना पुरतांना सामान्यतः घोट्याखालीं पाय तोडीत, आणि लहान मुलांना दोन मडकीं तोंडाला तोंड लावून त्यांत घालून घराच्या जमिनीखालीं ठेवीत. परंतु पांच खोल्यांच्या एका घराच्या अंगणांत चार पायांचा, माणसाच्या पोटासारखा फुगीर मातीचा रांजण मिळाला. त्यांत चाळिशीच्या सुमाराचा एक पुरुष मांडी घालून बसविलेला होता, व त्याचे पाय शाबूत होते. त्याला हा निराळा मान मिळाला एवढें सांपडलेल्या वस्तूंवरून निश्चित होतें. तो गांवचा मुख्य असावा हें अनुमान. तो शूर होता कीं दयाळू, लोक त्याच्यासाठीं रडले कीं नाहीं, हें मातींत लिहिलेलें नाहीं. घराखालीं पुरलेल्या बाळाविषयीं मात्र आपल्याला एवढें म्हणतां येईल, कीं आईबापांनीं त्याला आपल्यापासून दूर ठेविलें नाहीं. त्या मडक्यांची जागाच तेवढें सांगते.

चित्र काढतांना सांपडलेल्या गोष्टी ठळक रेषेनें, अनुमानलेल्या तुटक रेषेनें व कल्पिलेल्या ठिपक्यांनीं दाखविल्या, तर पाहणाराची फसवणूक होत नाहीं. आजकाल संगणकावर अशीं चित्रें होतात कीं पाहणाराला आपण त्या अंगणांत फिरतों आहोंत असा भास होतो. हें साधन मोठें उपयुक्त आहे. कारण त्यानें मूळ मातीला धक्का न लावतां गांव उभें करतां येतें व चूक कळल्यास दुरुस्तहि करतां येतें. परंतु संगणक भिंत आणि कल्पना दोन्ही सारख्याच चकचकीत रंगवितो, हा त्यांतला धोका होय. म्हणून या विषयाचा विचार करणाऱ्या अभ्यासकांनीं लंडन येथें तयार केलेल्या सनदेंत असा आग्रह धरला आहे, कीं असें चित्र करणारानें प्रत्येक भागाचा आधार काय होता हें लिहून ठेवावें. या सनदेची आवृत्ति २००९ सालीं प्रसिद्ध झाली.

आणखी एक सावधगिरी. जुन्या घरांत काय ठेवावें याइतकेंच काय ठेवूं नये हेंहि माहीत पाहिजे. चित्रकारानें चुलीजवळ तांबड्या मिरच्यांची माळ टांगली, कोपऱ्यांत मक्याचीं कणसें रचलीं, सुपांत भुईमुगाच्या शेंगा दाखविल्या, तर चित्र सुंदर दिसेल पण खोटें होईल. मिरची, मका, बटाटा, भुईमूग हीं सर्व अमेरिका खंडांतून आलेलीं. पोर्तुगीज लोकांच्या आगमनापूर्वीं तीं या देशांत नव्हतीं. तसेंच भिंतीला लोखंडी विळा टांगूं नये. दाराबाहेर उसाचे हिरवेगार मळेहि दाखवूं नयेत. ते आजच्या धरणांचें व कालव्यांचें देणें आहे.

४. परदेशांतील अनुभव

हा उद्योग इतर देशांनीं पूर्वींच आरंभिला आहे व त्यांच्या चुकांपासूनहि आपल्याला शिकतां येतें.

क्रीट बेटांतील क्नोसॉस येथील राजवाडा सर आर्थर इव्हान्स यांनीं १९०० सालापासून उकरला आणि पडलेल्या मजल्यांची बरीचशी बांधणी काँक्रिटनें पुन्हां केली. तेथें जाणाऱ्या प्रवाशाला भव्य देखावा दिसतो. पण जुनें कोणतें व नवें कोणतें हें ओळखणें कठीण जातें. राजपुत्राचें म्हणून प्रसिद्ध असलेलें तेथील एक भित्तिचित्र तर निरनिराळ्या आकृतींचे तुकडे एकत्र जोडून झालें असावें, असा अनेक अभ्यासकांचा अभिप्राय आहे. पुढें १९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं जीर्णोद्धाराचे नियम ठरवितांना, जेथें निव्वळ तर्क सुरू होतो तेथें हात आवरावा, असें तत्त्व मान्य केलें.

जर्मनीमध्यें कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं उंटरुल्डिंगन येथें १९२२ सालीं प्राचीन सरोवरवासी लोकांचीं घरें खांबांवर पुन्हां बांधण्यांत आलीं. पुढें नवें संशोधन होऊन जुन्या समजुती बदलल्या. त्यांनीं पहिलीं घरें पाडलीं नाहींत. नव्या माहितीप्रमाणें शेजारीं दुसरीं बांधलीं. त्यामुळें विद्या कशी सुधारत जाते, हेंहि प्रवाशाला दिसतें.

डेन्मार्कमध्यें लायरे येथें १९६४ सालीं अशीच एक संस्था निघाली. तेथें प्राचीन पद्धतीचें घर बांधून तें १९६७ सालीं मुद्दाम जाळण्यांत आलें. हेतु हा, कीं जळालेल्या घराचें जमिनींत काय उरतें हें पाहून उत्खननांतील खुणांचा अर्थ नीट लावतां यावा.

इंग्लंडांत बट्सर येथें १९७२ सालीं सुरू झालेल्या प्राचीन शेतावर गोल झोंपड्या उभारून त्यांत चुली पेटविण्यांत आल्या. पूर्वीं चित्रकार झोंपडीच्या टोकाला धूर जाण्यासाठीं भोंक दाखवीत. प्रत्यक्षांत असें दिसून आलें, कीं भोंक ठेविल्यास हवेचा झोत वाढून ठिणग्या गवताला लागण्याची भीति असते; भोंक नसल्यास धूर गवतांतून हळूहळू झिरपून जातो. कागदावर शंभर वर्षें टिकली असती अशी चूक एका चुलीनें सुधारली. ज्यांच्या आजीनें छपराच्या घरांत स्वयंपाक केला आहे, त्यांना हें ऐकून फारसें नवल वाटणार नाहीं.

५. गांवकऱ्यांचें ज्ञान

या शेवटच्या वाक्यांतच आपल्या विषयाचें मर्म आहे. इनामगांवच्या जमिनीवर लिंपलेला वाटोळा ओटा दिसला, तेव्हां तो कणगीचा, हें संशोधकांना कोणत्या ग्रंथांत मिळालें? तें त्यांना खेड्यांतील घरांत मिळालें. कुड कसा विणतात, त्याला शेणामातीचें लिंपण कसें बसतें, पेवाचें तोंड कसें बंद करतात, हें ज्यांनीं हातांनीं केलें होतें त्यांच्याकडूनच तीन हजार वर्षांपूर्वींच्या खुणांचा अर्थ कळला.

उत्तर-जोर्वे काळांत इनामगांवचें रूप पालटलें. मोठीं चौकोनी घरें मागें पडून लहान गोल झोंपड्या आल्या. तीन-चार झोंपड्या एका अंगणाभोंवतीं उभ्या राहत. शेती खालावली व शिकारीच्या हरणांचीं हाडें वाढलीं. पाऊस कमी होत गेला व लोक दरिद्री होऊन अर्धवट भटके बनले, असें डॉ. ढवळीकर यांचें अनुमान आहे. या गोल झोंपड्यांचा उलगडा करण्यासाठीं त्यांनीं त्याच परिसरांतील फासेपारधी लोकांच्या झोंपड्या अभ्यासिल्या : त्या कशा बांधतात, चूल कोठें असते, एका कुटुंबाला किती झोंपड्या लागतात. ज्या पारधी समाजाला इंग्रजी अमदानीच्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें, आणि ज्याच्यावरील तो शिक्का कायद्यानें १९५२ सालीं पुसला गेला, त्याच समाजाच्या हातच्या विद्येनें महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचीं घरें समजावून दिलीं. हें आपण विसरतां कामा नये.

परंतु ही विद्या आज झपाट्यानें नाहींशी होत आहे. कणगीच्या जागीं पत्र्याची कोठी आली, पेवें बुजलीं, कुडाच्या जागीं विटा व छपराच्या जागीं पत्रा आला. यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. गळक्या छपराखालीं राहावें असें कोणी कोणाला सांगणार नाहीं. पण कणगी विणणारी शेवटची म्हातारी गेली, म्हणजे जमिनींतील वाटोळा ओटा पुन्हां मुका होईल. उत्खननांतील वस्तु संग्रहालयांत कुलपांत सुरक्षित राहतात. त्यांचा अर्थ लावणारी किल्ली मात्र आपल्या घरांतील वृद्धांच्या हातांत आहे, आणि ती जपण्याची व्यवस्था कोणी केलेली नाहीं.

दुसरी हानि पांढरीची स्वतःची. राखेनें समृद्ध झालेली ही माती खतासाठीं गाड्या भरभरून नेण्याची चाल दख्खनांत पूर्वींपासून आहे. शेतकऱ्याला तिचा उपयोग होतो हें खरें. परंतु एक गाडी माती म्हणजे त्या जुन्या गांवच्या बखरीचीं कित्येक पानें. तीं वाचल्याशिवाय गेलीं, तर जगांतला कोणताहि विद्वान तीं परत लिहूं शकत नाहीं.

६. आपण काय करावें

विद्यार्थ्यांनीं करण्यासारख्या चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों.

पहिली : घरांतील वृद्धांस विचारून लिहून घ्यावें. कुडाला कोणत्या काड्या लागत, त्या कोठून आणीत, लिंपणांत काय घालीत, पेव किती खोल असे, त्यांत धान्य किती वर्षें टिके, कणगीच्या बुडाशीं काय ठेवीत. सांगणाराचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, कारण वस्तूबरोबर तिचें नांवहि मरतें. पालकांनीं यांत मुलांना साहाय्य करावें. असें ज्ञान विचारलें गेल्यानें वृद्धांनाहि समाधान वाटतें.

दुसरी : शाळेंत एका घराची प्रतिकृति करावी. मातीच्या पाटीवर काड्यांचे खांब रोवावेत, बाजूला पेव, चूल, कणगीचा ओटा व चार दगडांवरील रांजण मांडावा. सांपडलेल्या, अनुमानलेल्या व कल्पिलेल्या भागांना तीन रंगांचे कागद चिकटवावेत. पाहुण्यांना ती दाखवितांना प्रत्येक कागदाचें कारण विद्यार्थ्यानें सांगावें. ज्याचें कारण सांगतां येत नाहीं तो भाग काढून टाकावा.

तिसरी : पूर्ण मापाचें घर उभारण्याचा योग कधीं आलाच, तर तें टेकाडावर बांधूं नये. नव्या खांबांसाठीं खणलेला प्रत्येक खड्डा खालच्या जुन्या जमिनीला फोडून जाईल, आणि दाखविण्याच्या नादांत जें दाखवावयाचें तेंच नष्ट होईल. तें शेजारीं, मोकळ्या जागीं असावें.

चौथी : टेकाडावर गेलें असतां खणूं नये व खापर उचलून आणूं नये. खापराची किंमत तें कोठें, कोणत्या थरांत, कशाशेजारीं पडलें आहे यांत असते. खिशांत घातलेलें खापर केवळ मातीचा तुकडा होतो. ज्यांना या वस्तु जवळून पाहावयाच्या असतील, त्यांनीं डेक्कन कॉलेजच्या पुराणवस्तुसंग्रहालयास शिक्षकांबरोबर भेट द्यावी.

घोड नदीच्या कांठीं त्या लोकांनीं सुमारें नऊशें वर्षें वस्ती केली. त्यांनीं पाट काढला, धान्य सांठविलें, मुलें वाढविलीं व कांहीं मुलें गमाविलीं, दुष्काळ सोसले, आणि अखेर तें गांव सोडून ते निघून गेले. त्यांची भाषा आपल्याला माहीत नाहीं, त्यांचें एकहि नांव उरलेलें नाहीं. त्यांच्याविषयीं जें सांगावयाचें तें खरें असावें एवढीच त्यांची सेवा आपल्या हातीं आहे. म्हणून सुटींत गांवीं गेल्यावर प्रथम वही काढून आजीपाशीं बसावें आणि कणगीपासून आरंभ करावा.